मुलाच्या एडीएचडीसाठी सप्लिमेंट्स: आमचं दीड वर्ष आणि काही प्रश्न

पारिजात_पुणे

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, धीर होत नव्हता.

माझा मुलगा साडेआठ वर्षांचा आहे, तिसरीत. दीड वर्षापूर्वी त्याला एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चंचलपणा आणि उतावळेपणा फार असतो, ती स्थिती) असल्याचं निदान झालं. निदान घाईत केलेलं नाही. तीन वेळा बोलावलं, वर्गशिक्षिकेकडून वेगळा फॉर्म भरून मागवला, आमच्याकडून वेगळा, कान-डोळे तपासून आणायला सांगितले. मग डॉक्टरांनी दोन गोष्टी सुचवल्या. एक, वागणुकीचं प्रशिक्षण, ज्यात मुलापेक्षा आम्हा दोघांनाच जास्त शिकायचं होतं. दोन, औषध. पहिलं लगेच सुरू केलं. औषधाचं नाव काढलं की मात्र घरात सगळ्यांचे चेहरे उतरायचे. "एवढ्याशा पोराला डोक्याचं औषध?" असं म्हणत सासूबाई रात्रभर जाग्या राहिल्या. आणि खरं सांगते, मलाही ते नकोच होतं.

मग हळूहळू ओट्यावरची फळी भरत गेली. जावेने सांगितलं म्हणून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. सोसायटीतल्या एका आईने सांगितलं म्हणून झिंक. व्हॉट्सॲपच्या पालकांच्या ग्रुपवरून मॅग्नेशियमची पावडर. नात्यातल्या एका काकांनी पाठवलेलं ब्राह्मीचं सिरप. शिवाय अस्वलाच्या आकाराच्या मल्टिव्हिटामिनच्या गोळ्या. मागच्या महिन्यात हिशोब केला तर चार हजार सहाशे रुपये झाले.

त्याला कॅप्सूल गिळता येत नाही. म्हणून मी रोज रात्री कॅप्सूलला टाचणी टोचून तेल वरणभातात पिळायचे, वर तूप आणि लिंबू. पहिल्या घासाला तो थांबायचा, ताटाकडे बघायचा, मग माझ्याकडे. काही बोलायचा नाही. दोन महिन्यांनी त्याने वरणभात खाणंच सोडलं. वरणभात हा त्याचा जीव होता हो. आता कॅप्सूल नसलेल्या दिवशीही तो आधी वास घेतो आणि ताट सरकवतो.

फरक पडला का, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. चार दिवस बरे गेले की वाटतं पडला. पाचव्या दिवशी शाळेतून डायरीत शेरा येतो.

मला इतकंच विचारायचं आहे. यातल्या कशाचा खरोखर उपयोग होतो का? तुमच्यापैकी कोणी दिलं असेल तर काय, किती दिवस, आणि पुढे काय झालं? कृपया खरं सांगा, मनाला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

कडेपठार

आमच्या मुलीला दोन वर्षं ओमेगा-३ (माशाच्या तेलात असतं ते) दिलं. काही फरक नाही. बंद केलं तेव्हाही काही फरक नाही.

सागरगोटा

पारिजात, तू माझ्या लेकीच्या वयाची असशील म्हणून अगं म्हणते. तुमच्या घरी मासे चालत असतील तर कॅप्सूल कशाला? आमच्याकडे मालवणात तारली आणि बांगडा आठवड्यातून दोनदा असतोच. माझ्या नातवालाही हेच निदान आहे. मासे खाऊन तो शांत झाला असं मी म्हणणार नाही, तो अजून तसाच भिरभिरा आहे. पण पोटभर जेवतो तरी. वरणभातात माशाचं तेल घालू नको गं. पोराचा अन्नावरचा विश्वास उडतो.

बालरोगवाली

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मुलांच्या वाढ-विकासाच्या ओपीडीत काम करते. इथे कोणाचं निदान किंवा डोस ठरवणार नाही. पण हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ओमेगा-३पासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच झाला आहे. २०११ साली १० चाचण्यांमधल्या ६९९ मुलांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. फायदा दिसला, पण लहान. संशोधक परिणाम मोजायला एक माप वापरतात (आकडा मोठा तितका परिणाम जास्त), त्यात तो ०.३१ भरला. तुलनेसाठी सांगते, २०१८मध्ये एडीएचडीच्या औषधांच्या १३३ चाचण्यांचं मोठं विश्लेषण झालं, त्यात मुलांसाठी मिथाइलफेनिडेट या औषधाचा आकडा डॉक्टरांच्या नोंदींनुसार ०.७८ होता. पुढे २०२३मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने ओमेगा प्रकारच्या तेलांच्या ३७ चाचण्या, दोन हजारांहून जास्त जणांच्या, पुन्हा तपासल्या. पालकांच्या नोंदींमध्ये खरं तेल आणि खोटं तेल यांत फरक जवळजवळ उरलाच नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे की मुलांच्या एडीएचडीवर उपचार म्हणून ही तेलं सुचवू नयेत.

एक बारीक धागा मात्र मला महत्त्वाचा वाटतो. २०१९मध्ये तैवान आणि लंडनच्या संशोधकांनी ९२ मुलांना १२ आठवडे रोज १.२ ग्रॅम ईपीए (ओमेगा-३मधला एक घटक) दिलं. ज्यांच्या रक्तात ईपीए मुळात कमी होतं, त्यांचं लक्ष सुधारलं. ज्यांच्या रक्तात ते भरपूर होतं, त्यांना फायदा झाला नाही.

झिंकचीही साधारण तीच कथा आहे. २००४मध्ये तुर्कस्तानात ४०० मुलांवर झालेल्या चाचणीत चंचलपणा आणि उतावळेपणा कमी झाला, लक्षात मात्र फरक नाही. २०११मध्ये अमेरिकेत ५२ मुलांवर पाहिलं तर नुसत्या झिंकने काहीच हाती लागलं नाही. जिथे मुलांच्या जेवणातच झिंक कमी आहे तिथे ते दिल्याचा परिणाम दिसतो, जिथे नाही तिथे दिसत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

माझ्या ओपीडीत मी आईवडिलांना म्हणते: शरीरात काही कमी असेल तर ते भरून काढा, त्याचा फायदा होईल. कमी नसेल तर वरून ओतून एडीएचडी जात नाही. आणि कमी आहे की नाही हे बाटलीवरची जाहिरात वाचून कळत नाही.

पारिजातताई, एकच विचारते. मुलाचं फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कधी तपासलं आहे का? आणि तो रात्री झोपताना पाय झाडतो का?

पारिजात_पुणे

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. पाय झाडतो. लहानपणापासून. पांघरूण सकाळी जमिनीवर असतं. "पायात मुंग्या फिरतायत, आई, चेप ना" असं म्हणतो, आणि मी अर्धा अर्धा तास पाय चेपत बसते. आम्ही समजत होतो दिवसभर उड्या मारतो म्हणून पाय दुखतात.

फेरिटिन कधी तपासलं नाही. हिमोग्लोबिन केलं होतं, ११.९ होतं, नॉर्मल म्हणाले.

बालरोगवाली

५ ते ११ वयोगटात हिमोग्लोबिन ११.५च्या वर असेल तर ॲनिमिया म्हणत नाहीत, त्यामुळे त्या रिपोर्टला नॉर्मल म्हणणं चूक नव्हतं. पण हिमोग्लोबिन उतरण्याच्या बरंच आधी शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असतो. तो साठा फेरिटिनवरून कळतो. घरात रोज चूल पेटते म्हणून डब्यात पीठ किती उरलंय ते कळत नाही, तसं आहे हे.

मेंदूत डोपामाइन (लक्ष आणि हालचालींशी संबंध असलेलं रसायन) तयार व्हायला लोह लागतं. २००४मध्ये फ्रान्समध्ये एडीएचडी असलेल्या ५३ मुलांचं फेरिटिन इतर मुलांशी ताडून पाहिलं, तर सरासरी २३ विरुद्ध ४४ निघालं. त्याच गटाने २००८मध्ये फेरिटिन ३०च्या खाली असलेल्या २३ मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी केली, लोह मिळालेल्यांची लक्षणं कमी झाली. मुलं फक्त २३ होती, त्यामुळे मी यावर फार मोठी इमारत बांधणार नाही. पण पाय झाडणं, झोप मोडणं आणि कमी लोह या तिघांची संगत पक्की आहे. आणि ज्या मुलाची रात्री झोप होत नाही ते दिवसा वर्गात कसं बसेल?

तपासणीला जाताना एक लक्षात ठेवा: ताप किंवा सर्दी असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करा.

शाळामास्तर_सातारा

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दर आठवड्याला सरकारकडून लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी असते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्यात ४५ मिलिग्रॅम लोह. दहाच्या पुढे निळी, ६० मिलिग्रॅम. निम्मी पोरं गोळी खिशात ठेवतात आणि घरी जाताना ओढ्यात टाकतात, कारण पोटात मळमळतं. मी आता जेवणानंतर समोर उभं राहून देतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघाली होती. तीच मुलं पुढे माझ्या वर्गात येतात. "चंचल आहे, अभ्यासात लक्ष नाही" असा शेरा लिहिण्याआधी मी आता एक प्रश्न विचारतो: सकाळी काय खाऊन आलास? चहा-बिस्किट हे उत्तर इतक्यांदा येतं की हात थांबतो. चहाने तर लोह कमी शोषलं जातं.

सगळ्या मुलांचं हेच असतं असं म्हणत नाही. एडीएचडी असलेली मुलंही मी पाहिली आहेत. ती पोटभर खाऊनही तशीच असतात, आणि त्यांना मार खाताना मी पाहिलंय. ते वेगळं दुःख आहे.

तिसरा_बाक

वय ३४. मला निदान एकतिसाव्या वर्षी मिळालं.

पारिजातताई, तुमच्या फळीवरच्या वस्तू वाचताना माझं लहानपण आठवलं. सकाळी उपाशीपोटी रात्री भिजवलेले सात बदाम, सोललेले. डोक्याला ब्राह्मी-माक्याचं तेल. दर महिन्याच्या पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन. शंखपुष्पीचं सिरप, ज्याची चव अजून जिभेवर आहे. आईने हे सगळं प्रेमाने केलं, तिच्याबद्दल माझ्या मनात तक्रार नाही. पण प्रत्येक बाटलीनंतर घरातले माझ्याकडे बघायचे, आता सुधारला का म्हणून. परीक्षेचा निकाल आला की बाटली वाया गेली असं कोणी म्हणायचं नाही, मी वाया गेलो असं वाटायचं. नववीत मी आईला विचारलं होतं, "माझ्यावर काहीच चालत नाही का गं?"

बदाम वाईट नाहीत. तेल वाईट नाही. तुम्ही जे द्याल ते द्या, पण प्रत्येक गोळीबरोबर मुलाकडे अपेक्षेने बघू नका. ते कळतं. साडेआठव्या वर्षी तर फारच कळतं.

पारिजात_पुणे

तिसरा_बाक, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मनापासून आभार.

न्यूजर्सीकर

थोडं वेगळं मत मांडतो. आमचा मुलगा दहा वर्षांचा. इकडे आम्ही जास्त मात्रेच्या व्हिटामिन-मिनरलच्या कॅप्सूल वर्षभर दिल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अमेरिका आणि कॅनडात मिळून याची चांगली चाचणी झाली आहे, निकाल २०२२मध्ये छापून आला. ६ ते १२ वयाची १३५ मुलं, आठ आठवडे, कोणाला खरी कॅप्सूल मिळतेय हे ना पालकांना माहीत ना डॉक्टरांना. डॉक्टरांच्या मते खरी कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी ५४ टक्के सुधारले, खोटी घेणाऱ्यांपैकी १८ टक्के. त्याआधी २०१८मध्ये न्यूझीलंडमध्ये ९३ मुलांवरही असंच काम झालं होतं. तेव्हा "सप्लिमेंट्स म्हणजे सगळं थोतांड" असं म्हणू नये. आमच्या मुलाचा राग खूप कमी झाला. लक्ष म्हणाल तर तितकं नाही.

बालरोगवाली

न्यूजर्सीकर, थोतांड मीही म्हणत नाही. ती चाचणी चांगलीच आहे. पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच चाचणीत पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांमध्ये दोन्ही गट सारखेच सुधारलेले दिसले. म्हणजे खोटी कॅप्सूल देणाऱ्या आईवडिलांनाही मूल तितकंच बरं वाटत होतं. शिवाय दिवसाला ९ ते १२ कॅप्सूल होत्या. दुकानातल्या अस्वलाच्या आकाराच्या गोळीशी त्याचा काही संबंध नाही. तिच्यात व्हिटामिन नाममात्र आणि साखर भरपूर असते.

राग कमी होणं, हे तुमचं निरीक्षण त्या अभ्यासांशी बरंच जुळतं. तुम्ही देखरेखीखाली दिलंत म्हणून चिंता नाही. इथे मात्र लोक अंदाजाने देतात. झिंक महिनोन्‌महिने जास्त दिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. बी-६ व्हिटामिन प्रमाणाबाहेर गेलं तर नसांना इजा होते. आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलाने एकदम खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. रंगीत, गोड आवरणाच्या असतात, मुलांना चॉकलेट वाटतात.

घरकोंबडी_ठाणे

मध्येच विचारते. साखर आणि रंगांचं काय? आमच्याकडे वाढदिवसाहून आला की मुलगा दोन तास छतावर असतो.

बालरोगवाली

साखरेबद्दल १९९४चा एक प्रयोग मी नेहमी सांगते. आमच्या मुलाला साखर सोसत नाही असं म्हणणाऱ्या आया आणि त्यांचे ५ ते ७ वर्षांचे ३५ मुलगे. सगळ्या मुलांना गोड पण बिनसाखरेचं पेय दिलं. निम्म्या आयांना सांगितलं की यात साखर होती. त्या आयांना आपला मुलगा जास्त उधळलेला वाटला, आणि चित्रीकरणात दिसलं की त्या स्वतः मुलाच्या जास्त जवळ राहून त्याला जास्त टोकत होत्या. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात घरांमधला सगळा किराणाच बदलून तीन तीन आठवडे वेगवेगळे आहार दिले, तरी साखरेने वागणुकीत फरक पडला नाही. वाढदिवसाला केकबरोबर वीस मुलं, फुगे आणि मोठा आवाजही असतो ना.

रंगांचं थोडं वेगळं आहे. २००७मध्ये साउदॅम्प्टनच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने साध्या, निदान नसलेल्या मुलांमध्येही चंचलपणा थोडा वाढलेला दिसला. त्यावरून युरोपात जुलै २०१०पासून सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो-४आर हे त्यांतले चार आपल्याकडे खाद्यपदार्थांत चालतात, इशाऱ्याशिवाय. घरी रंगीत गोळ्या आणि सरबतं कमी करायला काहीच हरकत नाही, त्यात गमवायचं काही नाही. तेवढ्याने एडीएचडी जाईल असं मात्र समजू नका. ठरावीक पदार्थानेच बिघडतं असं वाटत असेल तर दोन-तीन आठवडे वहीत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

वैद्य_अंगण

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, पंधरा वर्षं चिकित्सा करते. ब्राह्मीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

ब्राह्मीवर माझी श्रद्धा आहे आणि तिच्यावर संशोधनही होत आहे. ऑस्ट्रेलियात ६ ते १४ वयाच्या ११२ मुलग्यांना १४ आठवडे ब्राह्मीचा अर्क दिला, निकाल २०२२मध्ये आला. त्यातला अर्क लखनौच्या आपल्याच केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेला. चंचलपणा आणि अवधान या मुख्य गोष्टींत बनावट औषधापेक्षा तो सरस ठरला नाही. झोप आणि विचारांची लवचीकता अशा काही बाबतींत थोडा फायदा दिसला. मला वाईट वाटलं, पण जे आहे ते आहे. माझ्याकडे एडीएचडीचं मूल आलं तर मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते.

खरं सांगायचं आहे ते वेगळंच. कुठल्याशा गावातून पुडीत बांधून येणारं, नाव-गाव नसलेलं "बुद्धिवर्धक" चूर्ण किंवा भस्म मुलांना देऊ नका. २००४मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यांतल्या १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाने मुलांचं लक्ष उडतं, बुद्ध्यांक घटतो, हे आता सर्वमान्य आहे. म्हणजे ज्या तक्रारीसाठी पुडी आणली तीच तक्रार पुडी वाढवणार. माझ्या शास्त्राची बदनामी अशा पुड्यांनी होते, म्हणून पोटतिडकीने लिहिते आहे.

कडेपठार

वैद्यताई, असं उघडपणे लिहिल्याबद्दल आभार.

घरकोंबडी_ठाणे

माझा धाकटा चार वर्षांचा आहे, तोही तसाच वाटतो. आत्तापासूनच ओमेगा-३ सुरू करू का?

बालरोगवाली

नको. आधी दाखवून घ्या. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये पहिला उपाय पालकांचं प्रशिक्षण हाच असतो. ऐकू नीट येतं का, बोलणं वयानुसार आहे का, रात्री घोरतो का, हे पाहिल्याशिवाय बाटली उघडू नका. चार वर्षांची बरीच मुलं तशीच असतात.

मोगरा_नाशिक

आम्ही शाकाहारी आहोत. जवसाची चटणी रोज दिली तर माशाच्या तेलाचं काम होतं का?

बालरोगवाली

जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं. त्याचं ईपीए शरीरात फार थोडं होतं, डीएचए (माशाच्या तेलातला दुसरा घटक) त्याहून कमी. चटणी चविष्ट आणि पौष्टिक आहे, जरूर द्या, पण औषध म्हणून नको. शाकाहारी लोकांसाठी शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं. वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

डब्यावर बारीक अक्षरांत काय छापलंय तेही वाचा. आपल्याकडच्या नियमांनुसार हेल्थ सप्लिमेंटच्या वेष्टनावर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असावीच लागते. पुढच्या बाजूला मुलाच्या मेंदूचं चित्र, मागे ही ओळ.

पारिजात_पुणे

सगळ्यांना कळवते. त्याची सर्दी जाईपर्यंत थांबलो, काल रिपोर्ट आला. फेरिटिन ११. हिमोग्लोबिन अजूनही १२च्या जवळ.

आमच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी लोहाचं सिरप सुरू केलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बाकीचं सगळं बंद करायला सांगितलं. मी घरी आल्यावर फळी रिकामी केली. रिकाम्या फळीकडे बघून मोकळं वाटेल असं वाटलं होतं, पण रडूच आलं. दीड वर्ष हे करत होते तेव्हा मी काहीतरी करते आहे असं वाटायचं. पाय चेपत बसायचे आणि कारण समोर असून दिसलं नाही.

तिसरा_बाक

ताई, पाय चेपायला कोणीतरी होतं, हे त्याला आयुष्यभर आठवेल.

सागरगोटा

रडून घे गं. आणि सिरप दिल्यावर लिंबूपाणी दे, दूध-चहा लगेच नको.

पारिजात_पुणे (चार महिन्यांनी)

धागा वर काढते आहे, कारण काही जणांनी निरोप पाठवून विचारलं.

फेरिटिन ३४ झालं. पाय झाडणं जवळजवळ थांबलं. रात्री साडेनऊला झोपतो, पांघरूण सकाळी अंगावर असतं. शौचाला काळी होत होती त्याने मी घाबरले होते, पण लोहामुळे तसं होतं असं डॉक्टर म्हणाले. बाटली कपाटात कुलपात ठेवते.

चिडचिड कमी झाली, हे बाईंनीही सांगितलं. पण गणिताचं पान तो अजूनही अर्ध्यावर सोडत होता, वर्गात उठून फिरत होता, मित्राचं बोलणं तोडत होता. झोप सुधारली आणि एडीएचडी तिथेच राहिला. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली दुसरी गोष्ट तेव्हा पुन्हा समोर आली.

या वेळी सासूबाईंनाच बरोबर घेऊन गेले. त्यांनी स्वतः डॉक्टरांना सगळं विचारलं, सवय लागेल का, उंची खुंटेल का, मुलगा गप्प गप्प होईल का. डॉक्टरांनी त्यांना पाऊण तास दिला. दीड महिन्यापासून मिथाइलफेनिडेटचा लहान डोस सुरू आहे. हे औषध शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या सरकारी यादीत) येतं, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो. प्रत्येक दुकानात मिळत नाही, आधी फोन करून जा. भूक कमी होते, डबा निम्मा परत येतो, म्हणून सकाळी गोळीच्या आधी पोटभर खायला घालते आणि संध्याकाळी सहाला त्याला खरी भूक लागते. वजन-उंची दर महिन्याला वहीत लिहितो, रक्तदाब डॉक्टर बघतात.

परवा गणिताचं अख्खं पान झालं. चुका होत्या, पण पान पूर्ण होतं. त्याने ते स्वतः आणून दाखवलं.

बालरोगवाली

वाचून फार बरं वाटलं. लोह स्वतःहून बंद करू नका आणि स्वतःहून पुढेही चालू ठेवू नका, तेवढं पाहा.

न्यूजर्सीकर

तुमच्या धाग्यानंतर आम्हीही फेरिटिन तपासलं. आमचं ठीक निघालं. पण तपासलं.

मोगरा_नाशिक

पारिजातताई, वरणभाताचं काय झालं?

पारिजात_पुणे

बरेच दिवस वासच घ्यायचा. मी वाढायचंच सोडलं होतं. मागच्या रविवारी सासूबाई जेवत होत्या, तो त्यांच्या शेजारी बसला होता. त्यांच्या ताटात बोट घालून वरण चाटून पाहिलं, थोडा वेळ थांबला, आणि म्हणाला, "आजी, मला पण." तूप-लिंबू घालून दोन वेळा घेतला.